सव्विसावी चिमणी

१

आमच्या कंपनीच्या बबलगमच्या प्रत्येक पुडीत पक्ष्याचं एक कार्ड असे. एकूण पक्षी अठ्ठेचाळीस. सगळे जमवून आल्बममध्ये लावायचे आणि रबाळ्याला आमच्या ऑफिसात आणून दाखवायचे. आल्बम पुरा असला की एक सायकल बक्षीस. योजना एक्याऐंशीच्या जूनमध्ये सुरू झाली. आल्बम तपासायचं काम माझ्याकडे होतं.

मोर लागेल तेवढे मिळत. रोहित मिळत, भारद्वाज मिळत. मिळत नसे ती एकतीस नंबरची चिमणी.

ही युक्ती आमचे मॅनेजर नंदकुमार यांची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला चटपटीत, माणूस वाईट नाही. "मोर दुर्मिळ केला तर पोरांना लगेच कळेल की मुद्दाम केलंय," ते मला म्हणाले होते. "चिमणीवर कोण संशय घेणार, मधुकरराव? पोरं म्हणतील, आपल्यालाच मिळाली नाही, शेजारच्याकडे असेल."

मुंबईच्या छापखान्यात एका मोठ्या तावावर अठ्ठेचाळीस पक्षी एकदम छापले जात. म्हणजे जितके मोर तितक्याच चिमण्या. कार्डं कापून झाली की बाकीचे पक्षी पॅकिंगला जात आणि चिमण्यांचे गठ्ठे खोक्यांत बांधून वेगळे माझ्याकडे येत. मी पावतीवर सही करायचो आणि खोकी बॉयलरवर पाठवायचो. तिथे गोटीराम होता. रबाळ्याच्याच गावातला. जिथे बॉयलर होता तिथे पूर्वी त्याच्या वडिलांची भातशेती होती. तो खोकं उघडून मूठमूठ चिमण्या आगीत टाकायचा. सबंध गठ्ठा टाकला तर आतल्या जळत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

एकदा मी उभा असताना तो म्हणाला, "एक ठेवाची त बाकीच्या जालाव्याच लागतान, सायेब. नायतर तिला कोन इचारतो?"

नंदकुमारांनी अर्धा तास इंग्रजीत समजावलं होतं तेच हे.

पंचवीस चिमण्या तेवढ्या राखून थोड्या थोड्या करून पुड्यांत सोडायच्या होत्या. पंचवीस चिमण्या, पंचवीस सायकली. पण छापखान्यातून एखादा गठ्ठा बाहेर गेला तर? म्हणून राखलेल्या चिमण्यांवर खूण हवी होती. खूण नसलेली चिमणी कुणी आणली तर ती खोटी. कागद तोच, शाई तीच, ताव तोच, तरी खोटी.

२

खूण काय असावी हे ठरवणं माझ्यावर सोपवलं होतं. शिक्का नको, शिक्के पोरंही बनवतात. मी घरी हा विषय काढला तेव्हा वैजयंती, माझी पत्नी, एका ब्लाउजला काजं करत होती. आम्ही तेव्हा वाशीला सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाहेरची खोली, आतली खोली, मध्ये बोळ आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. मूलबाळ नव्हतं. ती इमारतीतल्या बायकांचं शिवणकाम करायची. पांढरा दोरा ओवलेली एक सुई तिच्या उजव्या खांद्याला ब्लाउजमध्ये कायम टोचलेली असे. ती डावखुरी होती.

"डोळा आहे ना चिमणीला?" ती म्हणाली. "त्यात सुई घालते."

ती स्वयंपाकघरात पाटावर बसली. समोर धुण्याच्या साबणाची वडी, तिच्यावर कार्ड. साबणावर ठेवलं की सुई सहज जाते आणि भोकाच्या कडा फाटत नाहीत, ही शिवणाऱ्या बाईची अक्कल. डाव्या हातानं टोचल्यामुळे भोक किंचित तिरकं व्हायचं. कार्ड खिडकीकडे धरलं की चिमणीच्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका दिसे आणि पाठीमागे भोकाभोवती साबणाचा कण राही. आमच्या ऑफिसात प्रत्येक वस्तूला गमच्या इसेन्सचा गोड वास यायचा. त्या पंचवीस कार्डांना तेवढा साबणाचा यायचा.

सुई आरपार जाताना टक् असा आवाज होई. पहिलं कार्ड तिने उचलून माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "आत्तापर्यंत नुसतं चित्र होतं. आता झाली खरी."

मग प्रत्येक कार्डाला टक्, आणि "झाली खरी." मध्येच थांबून तिने विचारलं होतं, "बायका विचारतात, तुमचे मिस्टर काय करतात. काय सांगू? चिमण्या जाळतात?"

वीस त्या दिवशी झाल्या. उरलेल्या पाचांची गरज दिवाळीनंतर पडली. तोपर्यंत तिचं पोटाचं दुखणं वाढलं होतं. उभं राहवत नव्हतं, पाटावर बसता येत नव्हतं. त्या पाच तिने आतल्या खोलीत पलंगावर, उशीला टेकून केल्या. आवाज बारीक झाला होता. "झाली खरी" मात्र पाचही वेळा म्हणाली. ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती गेली.

आल्बम येत राहिले. आलेल्या चिमणीवर मी पंचने मोठं भोक पाडायचो, रजिस्टरात सही करायचो आणि ती कपाटात कुलपात ठेवायचो. पंचविसावी ब्याऐंशीच्या डिसेंबरात आली. त्यानंतर बाजारात एकही खरी चिमणी उरली नव्हती. योजना संपल्याचं मात्र कुणी जाहीर केलं नाही. पोरं शोधत होती तोवर गम खपत होतं. मीही काही बोललो नाही.

३

मार्चमध्ये सव्विसावी आली.

वाशीची एक सातवीतली मुलगी, नाव स्मिता, वडिलांबरोबर आली होती. आल्बममध्ये कार्डं नीट कोपऱ्यांत खोचलेली. मी सवयीने पानं उलटली, चिमणीचं कार्ड सोडवून घेतलं आणि खिडकीकडे धरलं. कारण एवढंच की नकार द्यायचा तरी तपासून द्यावा.

डोळ्यात उजेडाचा ठिपका होता.

मी कार्ड पालथं केलं. भोक तिरकं होतं. कडेला साबणाचा कण होता. मी पाणी प्यायलो, कपाट उघडलं आणि कुलपातली कार्डं टेबलावर मांडली. पंचवीस होती. पुन्हा मोजली. मग सव्विसावं त्यांच्या शेजारी ठेवलं. माझ्या पंचचं भोक नव्हतं, एवढाच फरक.

"ही कुठल्या पुडीत मिळाली?" मी विचारलं.

"पुडीत नाही," स्मिता म्हणाली. "एका काकूंनी बदलून दिली. माझ्याकडे कावळा डबल होता."

"कावळ्याच्या बदल्यात चिमणी?" तिचे वडील हसले. "मी म्हटलं हिला, काकूंना भाव माहीत नाही दिसत."

तिने सांगितलं, काकू बसस्टॉपच्या बाकावर बसल्या होत्या. उठल्या नाहीत, उभं राहवत नाही म्हणाल्या. आणखी काही आठवतं का, असं मी विचारलं. तिने थोडा विचार केला आणि स्वतःच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं. "इथे सुई टोचलेली होती. दोऱ्याची. मला वाटलं, लागेल त्यांना."

बरेच शिवणारे लोक खांद्याला सुई टोचतात, असं मी मनाशी म्हटलं. ते खरंही आहे.

"त्या म्हणाल्या, ऑफिसात साहेबांना दाखव. साहेब तोंडाने खरी म्हणाले की मला कळेल."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला सायकल हवी होती. मला काय हवं होतं ते मला पुरतं कळत होतं. मी ही खोटी म्हटली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ती खूण वैजयंतीच्या हातची होती. तिला मी खोटी कशी म्हणणार होतो?

"खरी आहे," मी म्हणालो आणि सही केली.

४

त्या संध्याकाळी साडेपाचला कंपनीच्या बसने घरी आलो. कुलूप उघडलं, चपला काढल्या, खिडकी उघडली. चहा ठेवायला म्हणून बोळात आलो आणि टक् असा आवाज झाला.

नळ गळत असेल, असं वाटलं. मोरीतला नळ बघितला, कोरडा होता. तरी त्याला फडकं बांधलं. पाल असेल म्हणून ट्यूबलाइटच्या मागे बघितलं. वरच्या मजल्यावर कुणी काही आपटत असेल, पण वरचं बिऱ्हाड लग्नाला गावी गेलेलं होतं. आवाज चार-पाच मिनिटांनी एकदा यायचा. कुठल्या खोलीतून येतो ते सांगता येत नव्हतं. मी एका खोलीत गेलो की तो दुसरीकडून आल्यासारखा वाटे. आणि बोळात साबणाचा वास होता. कपडे मी रविवारी धुतो, तो दिवस बुधवार होता.

मला भीती वाटली नाही, हे इथे लिहून ठेवतो. वर्षभर त्या घरात माझ्या चमच्याशिवाय कशाचाही आवाज झाला नव्हता. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. टक् झालं की ओळीवरून नजर उचलायची, मग पुन्हा तीच ओळ. आठच्या सुमाराला तो थांबला तेव्हा मी मुद्दाम खुर्ची वाजवली, ताटली वाजवली. पुन्हा आला नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला आला.

असे तीन आठवडे गेले. या दिवसांत मी कुणाकडे गेलो नाही. रविवारी बहिणीकडे जेवायला जायचा नेम होता, तोही मोडला. बहिणीला फोनवर सांगितलं की काम आहे.

५

एप्रिलमध्ये एकाच दिवशी दोन आल्बम आले.

पहिला उरणच्या मालतीबाईंनी आणला. मासळी विकणाऱ्या, साठीच्या. आल्बम नातवाचा. तो परीक्षेला बसला होता म्हणून त्या स्वतः आल्या होत्या. टोपली खाली गेटवर ठेवली होती, वास वर आला होता.

"मना त्यातला काय समजत नाय," त्या म्हणाल्या. "ती बाय बोलली, हापिसात ने, सायेब बगतील."

"कोण बाई?"

"वलखीची नाय. सकाली येस्टी ष्टँडवर बसलेली. साडेसात झाले असतील. पार वाळलेली, बिचारी. मी बोलले, बाय, घरी कोन नाय का तुला? त बोलली, हाय ना, घरी हायेत."

मी कार्ड खिडकीकडे धरलं. ठिपका होता. पालथं केलं, साबण होता. मासळीच्या वासातूनही तो ओळखू येत होता.

"खरी बोला का खोटी बोला," मालतीबाई म्हणाल्या, "पन तोंडानी बोला. तिनी तसाच सांगितलाय."

"खरी आहे," मी म्हणालो. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा आला.

त्या खाली उतरल्या आणि सिताराम नावाचा माणूस वर आला. तळोज्याला एका रसायनाच्या कारखान्यात कामाला, मूळ साताऱ्याकडचा. मुलीचा आल्बम घेऊन, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता.

"आज सकाळीच मिळाली बघा," तो म्हणाला. "साडेसातच्या पाळीला निघालो, तर आमच्या गेटसमोर एक बाई उभ्या. चांगल्या हसऱ्या, धडधाकट. म्हणाल्या, पोरीला पायजे ना चिमणी, घ्या. मी खिशातला बगळा दिला. बगळा बघून एवढं हसल्या, एवढं हसल्या, की मलाच हसू आलं."

वैजयंती तशी हसायची. आजारपणाआधी.

"खांद्याला सुई होती?"

"होती की. तुमच्या वळखीच्या हाईत का?"

उरणहून तळोज्याला जायचं तर एसटीने तासाभराच्या वर वेळ लागतो. साडेसातला उरण आणि साडेसातला तळोजा, हे कसं? मालतीबाईंकडे घड्याळ नव्हतं. एवढं मी मनात नोंदवलं आणि कार्ड खिडकीकडे धरलं. ठिपका होता, भोक तिरकं होतं. साबण नव्हता. वासही नव्हता. कारखान्यात, रसायनात वावरणारा माणूस, पुसला गेला असेल, असं मी ठरवलं. आता लिहिताना दिसतं की ते मी फार पटकन ठरवलं. मासळीखाली जो वास टिकला, तो याच्या खिशात का पुसला जावा?

पण त्याने सांगितलेलं ते हसणं मला सोडवत नव्हतं.

"खरी आहे," मी म्हणालो.

६

दुसऱ्या दिवशी नंदकुमारांनी दार लावून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. तीन सायकली जास्त गेल्या होत्या, पण त्यांचं बोलणं त्यावर नव्हतं.

"मधुकरराव, सरळ विचारतो. टेन्शन घेऊ नका. ही खूण कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला."

"आणि?"

"वैजयंतीला."

 स्मशानात ते आले होते, खांदाही दिला होता. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी उगाच फिरवला. मग म्हणाले की ते माझ्यावर शंका घेत नाहीत, पण वरचे लोक घेतील. महिनाअखेर योजना बंद होईल. तोवर जो कुणी येईल त्याला खोटी म्हणून सांगायचं.

"एकच तर शब्द आहे," ते म्हणाले. "बोलून टाका."

मी उठून माझ्या टेबलाशी आलो.

दुपारी बॉयलरवर गेलो. छापखान्याची शेवटची दोन खोकी आली होती. गोटीराम मूठमूठ टाकत होता. मी एक चिमणी उचलली. डोळा बंद होता, म्हणजे भोक नव्हतं. मी गोटीरामला विचारलं की समज, जाळायच्या त्यातल्या एखादीला आपोआप भोक पडलं, तर ती खरी का खोटी?

तो हसला. "आपोआप कसा पडल? तुमी खरी बोलले त खरी. उद्या समद्यांना खरी बोला, समद्या खऱ्या. मंग सायकल कोन देनार?"

घरी आलो तो साडेपाच वाजले होते. बोळात उभा राहिलो.

टक्.

आणि तो विरायच्या आत, दुसरीकडून, टक्.

७

शुक्रवारी आणि शनिवारी तेच. एक आवाज आतल्या खोलीतून, एक स्वयंपाकघरातून. आता खोल्या स्पष्ट कळत होत्या. कधी एक पुढे, कधी दुसरा. दोन्ही माणसं एकमेकांचं ऐकत असावीत असं वाटे, कारण एकाला उशीर झाला की दुसरा थांबे. मी बाहेरच्या खोलीत दिवा लावून बसे आणि पेपर उघडतही नसे.

माझ्या मनात भुताखेताचा विचार आला नाही. मी शिकलेला माणूस आहे आणि माझा धंदा तपासण्याचा होता. विचार आला तो तावाचा. एका तावावर सगळे एकदम छापतात. मग बाकीचे जाळतात, तेव्हा एकाला किंमत येते. वैजयंती एक होती. ती एक होती म्हणूनच मी वर्षभर त्या घरात एकटा बसलो होतो. आता ती उरणलाही होती, तळोज्यालाही होती आणि घरात दोन खोल्यांत होती, कारण मी तोंडाने खरी म्हणत गेलो. सोमवारी आणखी कुणी आल्बम घेऊन आला आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं, तर बाहेरच्या खोलीत, माझ्या खुर्चीमागे, तिसरी बसेल. मग जी गेली ती कोण होती?

एक ठेवायची होती. ती कुठली, हे सांगणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता.

रविवारी दुपारी मी जेवलो नाही. तीन वाजले होते, खिडकीतून ऊन अर्ध्या बोळापर्यंत आलं होतं. खाली कुणाचा तरी रेडिओ चालू होता. आवाज त्या दिवशी लवकर सुरू झाले. मी बोळात आलो. डाव्या हाताला आतल्या खोलीचं दार, लोटलेलं. समोर स्वयंपाकघराचं, तेही लोटलेलं.

समोरून टक् झालं आणि मोकळ्या, भरल्या आवाजात शब्द आले.

"झाली खरी."

तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. मी भिंतीला हात लावला.

मग डावीकडून टक् झालं. थोडा वेळ गेला. श्वास घेतल्याचा आवाज आला आणि मग बारीक, दमलेल्या आवाजात, "झाली खरी."

मी विचार केला. खरोखर केला, टेबलावर बसून करतो तसा. वैजयंतीने हे काम स्वयंपाकघरात पाटावर बसून केलं. वीस कार्डं, माझ्यासमोर. तिचा आवाज असाच भरला होता. ती अशीच हसायची. म्हणजे समोरची खरी. डावीकडची, त्या दमलेल्या आवाजाची, ती नव्हे. हिशेब सरळ होता.

मी आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड केलं आणि म्हणालो, "खोटी."

आत काही हललं नाही. कुणी विचारलं नाही, रडलं नाही. फक्त पलंगाची पट्टी कुरकुरली, वजन उतरल्यावर कुरकुरते तशी. आणि बोळातला साबणाचा वास गेला. विरत विरत गेला नाही. दार लावल्यावर बाहेरचा आवाज तुटतो तसा तुटला.

मी दार ढकललं.

पलंगावर उशी उभी करून ठेवलेली होती, टेकायला ठेवतात तशी. मध्ये खळगा होता. पांघरुणावर साबणाची वडी होती, तिच्यावर चिमणीचं कार्ड, आणि चिमणीच्या डोळ्यात सुई. अर्धीच गेलेली, आरपार नाही. पांढरा दोरा लोंबत होता आणि हलत होता. पंखा बंद होता. मी बघत असताना तो दोरा हळूहळू स्थिर झाला.

सुई तिरकी होती. डाव्या हाताची.

शेवटच्या पाच तिने इथे केल्या होत्या, या पलंगावर, या उशीला टेकून. हे मी विसरलो होतो असं म्हणता येईल, आणि ऐकणारे समजून घेतील. पण विसरलो नव्हतो. बाकावर बसलेली, उभं न राहवणारी बाई कोण ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मालतीबाईंना घरी माणूस आहे म्हणून सांगणारी कोण, तेही. मला फक्त तो दुसरा आवाज हवा होता. आजारपणाआधीचा.

मी वडीजवळ बसलो. कार्डाला हात लावला नाही. सुई आत ढकलावी असं एकदा वाटलं, पण माझा हात उजवा.

"वैजयंती," मी म्हणालो. "चुकलं."

खोलीत कसलाही वास नव्हता.

खाली रेडिओ बंद झाला. मग स्वयंपाकघरातून टक् झालं, आणि त्या मोकळ्या, आनंदी आवाजात कुणीतरी म्हणालं, "झाली खरी."

आणि पाट सरकल्याचा आवाज आला. बसलेलं माणूस उठताना सरकवतं तसा.